ओटीतलं बी

पुणे,
कार्तिक, शके 1947

तीर्थरूप आईंस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. चष्मा लावून, ओसरीवर उन्हाला बसून सावकाश वाचा. घाई काहीच नाही.

आई, हेच पत्र मी एका मासिकालाही दिलं आहे. घरातलं बोलणं तुम्हाला न विचारता बाहेर नेलं म्हणून रागावू नका. ज्या गोष्टीची मला तुमच्याकडे माफी मागायची आहे ती चारचौघांत घडली होती. मग माफीही चारचौघांतच मागावी, असं वाटलं. तिकडे येतेच, पण आधी दिवाळीतल्या त्या फोनबद्दल.

तुमच्या नातीला शाळेत ‘हवामानबदल आणि स्त्रिया’ या विषयावर प्रकल्प करायचा होता. तिने तुम्हाला फोन लावला आणि वहीतला पहिला प्रश्न वाचला, “आजी, तू हवामानबदलासाठी काय केलंस?” तुम्ही जरा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, “मी काय करणार बाई? बी राखलं. दुसरं काय केलंय!” पोरीने तेवढंच वहीत लिहून घेतलं आणि ती त्या ओळीकडे बघत बसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, “आई, हे उत्तर आहे की नाही?”

मला त्या रात्री नीट सांगता आलं नाही. गेले पंधरा दिवस मी ते उत्तर जुळवते आहे.

आधी तो शब्द. रेडिओवर तुम्ही रोज ऐकता, हवामानबदल. त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत एक बाई होती, हे मलाही आत्ता-आत्ता कळलं. 1856 साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईने काचेच्या दोन नळ्या घेतल्या आणि दोन्हींत उष्णता मोजायचं यंत्र ठेवलं. एकीत साधी हवा. दुसरीत लाकूड-कोळसा जळताना जो वायू निघतो, आपल्या श्वासातून जो बाहेर पडतो, तो कार्बन डायऑक्साइड. दोन्ही नळ्या तिने उन्हात ठेवल्या. दुसरी नळी कितीतरी जास्त तापली आणि सावलीत आणल्यावर तिला निवायलाही फार वेळ लागला. तेव्हा तिने लिहून ठेवलं की पृथ्वीभोवती असल्या वायूची हवा असेल तर पृथ्वीही अशीच तापेल. ऑल्बनी गावात शास्त्रज्ञांच्या सभेत तिचा निबंध वाचला गेला, पण तो वाचला एका पुरुषाने. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं तिचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता तिच्या नळीतलं ऊन आपल्या रानात कसं येतं ते सांगते. कारखाने, गाड्या, वीज करायला जाळलेला कोळसा, यांचा तो वायू आभाळात साठत गेला. पृथ्वीच्या अंगावरची गोधडी वर्षागणिक जाड होत गेली. हवा एका अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवते. म्हणून ती धरते तेव्हा दोन-दोन महिने धरूनच बसते आणि सोडते तेव्हा एका रात्रीत सगळं ओतून मोकळी होते. “पाऊस आता पडत नाही, कोसळतो,” असं तुम्ही भाद्रपदात म्हणाला होतात. प्रकल्पाच्या वहीत मी ते जसंच्या तसं लिहायला लावलं.

तुम्ही तर सगळंच पाहिलं आहे. 1972 साली तुम्ही नव्या नवरी होतात, हातावरची हळद नीट उतरलीही नव्हती, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलात. सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या. त्या साली तुमच्या सासूबाई ज्वारीच्या बियाण्याचं मडकं उशाशी घेऊन झोपायच्या, हे तुम्ही मला कितीदा सांगितलं असेल! पोरं भुकेने रडत असतानाही त्यांनी त्या मडक्याला हात लावू दिला नाही. तेव्हा मला ती बाई कठोर वाटायची. पुढच्या मृगाला गावात सरकारी बियाण्याची वाट न बघता ज्यांनी चाड्यावर मूठ धरली त्या दोन-तीन घरांत आपलं घर होतं, हे तुम्ही त्याच गोष्टीच्या शेवटी सांगायचात. मी तो शेवट ऐकायची थांबतच नसे.

मग 2014 च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, शेतात बर्फाचा सडा पडला. त्यानंतर दोन वर्षं पाऊस नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. आणि यंदा सप्टेंबरात पाणीच पाणी. अकरा वर्षांत गारा, कोरड आणि पूर, सगळं एकाच रानाने सोसलं.

अशा रानात काय टिकतं? तुमची उतरंड आठवली ती इथे.

लग्न होऊन आले तेव्हा माजघराच्या कोपऱ्यातली ती उतरंड मला अडगळ वाटली होती. तळाशी रांजण, वर डेरा, मग मडकं, गाडगं आणि अगदी वर मूठभर मावेल एवढं बोळकं. पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत मी दोन गाडग्यांतली राख उकिरड्यावर ओतून आले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सूप आणि चाळण घेऊन उकिरड्याशी बसलात आणि दिवे लागेपर्यंत ती राख चाळत, पाखडत राहिलात. तो राळा होता. किडा लागू नये म्हणून राखेत ठेवलेला. आपल्या भागात राळ्याचं बी तेव्हा कोणाकडेच उरलेलं नव्हतं, हेही मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

आता एकेक आठवतं. ज्वारी उभी असतानाच तुम्ही रानात फिरून भरदार कणसं हेरून ठेवायचात. आधी बियाण्याची कणसं, मग खळं. ती जुडी आढ्याला, चुलीचा धूर लागेल अशी टांगलेली. वाळकाच्या, दोडक्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापलेल्या. तुरीत कडुनिंबाचा पाला. “बी दमट हाताने घेऊ नये,” म्हणून पोरांना लांब ठेवायचात. नवरात्रात घट बसवताना रानातली माती आणायची, त्यात उतरंडीतलं पाच-सात जातींचं धान्य पेरायचं आणि नऊ दिवस बघायचं कशाचा कोंब जोमाने येतो, कशाचा मरतो. मी हात जोडून आरती म्हणत होते आणि तुम्ही आरती म्हणता म्हणता रब्बीचं बी पारखत होता. आज कृषी खातं शेतकऱ्यांना सांगतं की घरचं बियाणं पेरण्याआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवतात ते मोजा. नात म्हणाली, “म्हणजे घटच की!” मला ते सुचलं नव्हतं.

आणि पेरणी. बैलांच्या मागे पुरुष तिफणीवर, आणि त्याच्या मागे पदराच्या ओटीत बी घेऊन सरत्यावर तुम्ही. तीन ओळी ज्वारीच्या की चौथी तुरीची, मधे मूग टाकायचा की उडीद, रब्बीत बांधाकडेने करडई लावायची म्हणजे काट्यांना भिऊन जनावर आत शिरणार नाही, हे सगळं ओटीतली मूठ ठरवायची. मूग सत्तर दिवसांच्या आत घरात यायचा आणि पोळ्याचा बाजार करून द्यायचा. ज्वारीची मुळं वरच्या मातीत, तुरीची खोल. एकीला वरचं पाणी कमी पडलं तरी दुसरी खालून ओढून घ्यायची. तुरीच्या मुळांवर त्या बारीक गाठी असतात ना, उपटल्यावर दिसतात त्या, त्यांत सूक्ष्म जिवाणू राहतात. हवेतला नत्र पकडून ते तुरीला देतात आणि त्यांच्या पोटाला तूर घालते. पाला गळून, मुळं कुजून त्यातला वाटा मातीला मिळतो आणि पुढच्या सालच्या ज्वारीला होतो. जिवाणू, तूर, ज्वारी, भाकरी, पोर. माणूस निसर्गाशी जोडलेला आहे, असं सगळेच म्हणतात. मला तो जोड दाखवायचा असेल तर मी तुमच्या रानातलं एक तुरीचं झाड उपटून दाखवीन.

पुण्यात येळवस कोणाला माहीत नसते. दरवर्षी समजावून सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडे आणि पलीकडे कर्नाटकाच्या पट्ट्यात अख्खं गाव रानात जातं, कडब्याची कोप करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडून पुजतात, शेताला आंबील शिंपडतात, रस्त्याने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, भुईमूग, मेथी, चुका, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, गाजर, वांगं, जे जे रानात उभं आहे ते सगळं चिंचेच्या कोळात आणि हरभऱ्याच्या पिठात एकत्र शिजतं. तुम्ही सांगता, दुष्काळानंतरच्या तुमच्या पहिल्या येळवशीला भज्जीतल्या अठरा जिनसा आपल्याच रानातल्या होत्या. गेल्या वर्षी मी मनातल्या मनात मोजल्या. चार. बाकी सगळं आदल्या दिवशी बाजारातून पिशवीत आलं होतं.

मला तर वाटतं, रानाची तब्येत तपासायला त्या भज्जीइतकं चांगलं माप नाही. हेक्टरी किती क्विंटल झालं हे एका पिकाचं माप आहे. भज्जी सगळ्या रानाचं सांगते.

सोयाबीनला मी नावं ठेवणार नाही. ह्यांचं इंजिनिअरिंग आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीवर झालं, आमच्या घराचा पहिला हप्ताही त्यातूनच गेला. तुमच्या अठरा जिनसांनी कॉलेजची फी भरली नसती. पण अख्ख्या शिवारात एकच पीक, एकाच आठवड्यात पेरलेलं आणि एकाच आठवड्यात काढणीला आलेलं, म्हणजे सगळं एकाच पावसाच्या हाती. भावाचंही तेच. 2024-25 ला हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागलं, हे मामांनी, ह्यांच्या वडिलांनी, किती कळवळून सांगितलं होतं.

यंदाच्या सप्टेंबरात खालच्या रानातलं सोयाबीन पाण्यात कुजलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आम्ही फोन करायचो आणि मामा फोन घेत नव्हते. वाफसा यायला दिवाळी उजाडली. मग एक दिवस तुम्ही सहज बोलल्यासारखं सांगितलंत, “सकाळपासनं बाया येऊ लागल्यात. कुणाला जवस पाहिजे, कुणाला करडई. शेर-शेर देते.” मी विचारलं, पैसे घेता का? तुम्हाला माझा प्रश्नच कळला नाही. पुढच्या साली दीडपट परत आणून द्यायचं, एवढाच बोलीचा व्यवहार. आई, जगात याला बियाणे बँक म्हणतात. तिच्यासाठी इमारती बांधतात, समित्या बसतात. तुमची बँक उतरंडीवर आहे आणि ती नेमकी पुराच्या साली उघडी होती.

नातीच्या वहीतल्या तुमच्या ओळीखाली मी एक नाव लिहायला सांगितलं, राहीबाई पोपेरे. नगर जिल्ह्याच्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. महादेव कोळी समाजाच्या, 1964 चा जन्म, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. घरातली लहान मुलं सारखी आजारी पडू लागली तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की ताटातलं अन्न बदललं आहे आणि अन्न बदललं कारण बी बदललं आहे. मग त्या गावठी बी गोळा करायला लागल्या. भात, वाल, घेवडा, नाचणी, वरई, तेलबिया, रानभाज्या. बायफ या संस्थेने हात दिला, पंचक्रोशीतल्या बायका जमल्या, कळसूबाई परिसराची बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. एका टप्प्यावर त्यांच्याकडे 17 पिकांचे 40 हून अधिक वाण होते. नुसत्या वालाच्याच किती जाती! डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं. 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या 100 स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, 2020 ची पद्मश्री मिळाली. तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या, मी कोण? त्यांनीही बीच राखलं, आई. फक्त त्यांच्या बाबतीत कोणीतरी ते वेळेवर पाहिलं.

दुसरी गोष्ट तुमच्याच भागातली आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तुम्ही कधी विसरणार नाही. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. त्या ढिगाऱ्यांतून घरं उभी करताना आपल्या बायकांना एकत्र आणणारं जे काम सुरू झालं त्यातून प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी एक साधी मागणी केली. घरच्या जमिनीतलं एक एकर आमच्या हाती द्या, त्यात काय लावायचं ते आम्ही ठरवू. त्या एकरात त्यांनी कडधान्यं लावली, ज्वारी-बाजरी, भाज्या, गांडूळखत, आणि पाणी मोजून. बाकीचं रान करपलं तरी त्या एकराने चूल पेटती ठेवली. 2016 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यावर तर चित्रकथेचं पुस्तक निघालं. मी ते वाचत होते आणि मनात येत होतं, या बायका जे वीस-वीस जणी मिळून, सभा घेऊन, हिशेब लिहून करतात, ते तुम्ही एकटीने, कोणाला न सांगता केलंत. तुमचं कौतुक कमी होत नाही त्याने. पण तुमच्याबरोबर वीस जणी असत्या तर कदाचित भज्जी अठरावरून चारवर आली नसती. हे मला फार लागतं.

आता ती गोष्ट.

2009 साली आमच्या घराची वास्तुशांत होती. तुम्ही आदल्या रात्री एसटीने आलात, डोक्यावर बोचकं. बोचक्यात नव्या घराला द्यायचं म्हणून पाच धान्यांच्या पुरचुंड्या. सकाळी ह्यांच्या ऑफिसातले लोक यायच्या आधी मी तुम्हाला न्हाणीघरात नेलं. तुमच्या टाचा दगडाने घासल्या, भेगांत मलम भरलं, वर माझे मोजे घातले. हातावरचं गोंदण झाकावं म्हणून लांब बाह्यांचं पोलकं दिलं. चेहऱ्याला पावडर लावायला लागले तेव्हा तुम्ही हळूच तोंड फिरवलंत. तेवढंच. मग तुम्ही दिवसभर आतल्या खोलीत बसून राहिलात. लोक विचारत होते, “सासूबाई कुठायत?” आणि मी सांगत होते, “प्रवासाने दमल्यात.” माझी मोठी बहीण हे सगळं बघत होती. पुरचुंड्या मी माळ्यावर टाकल्या.

2021 च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनातला एक फोटो सगळीकडे फिरला. तुळसी गौडा. उत्तर कन्नडच्या अंकोला तालुक्यातलं होन्नाळी गाव, हालक्की समाजाची बाई. वनखात्याच्या रोपवाटिकेत वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबल्या. कोणत्या जातीचा मातृवृक्ष जंगलात कुठे आहे, त्याचं बी कधी उचलायचं, कसं रुजवायचं, हे इतकं ठाऊक की लोक त्यांना जंगलाचा विश्वकोश म्हणायचे. अंगावर त्यांच्या रीतीचं लुगडं, गळाभर मण्यांच्या माळा, आणि त्या लाल गालिच्यावर अनवाणी पाय. तुमची नात तेव्हा दहा-अकरा वर्षांची. फोटो बघून ती आनंदाने म्हणाली, “आई, बघ, आजीसारखे पाय!”

मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्या पोरीला ते पाय सुंदर दिसले, कारण तिला कोणी अजून उलटं शिकवलेलं नव्हतं. मला शिकवलेलं होतं. मऊ टाच, उजळ कांती, नखात माती नसलेला हात, यालाच रूप म्हणायचं, असं मी माहेरी, शाळेत, जाहिरातींत, लग्न ठरवताना ऐकत आले. अंतरीचं सौंदर्य हा शब्द मी भाषणांतही ऐकला होता आणि त्याचा अर्थ मला वाटायचा, दिसायला बरी नसलेल्या बाईची समजूत घालायची रीत. आज तसं वाटत नाही. आत जे असतं ते बाहेर आल्यावाचून राहत नाही. तुमचं आतलं तुमच्या टाचांवर आलं आहे. पन्नास पेरण्या त्या भेगांत आहेत. उकिरड्याशी बसून राख चाळताना तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते मी पाहिलं होतं, फक्त तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं. आई, मला माफ करा. त्या दिवशी मी तुमचे पाय झाकले.

तुळसी गौडा 2024 च्या डिसेंबरात, 16 तारखेला, होन्नाळीतच गेल्या.

एक गोष्ट मात्र मी नातीच्या प्रकल्पातून खोडायला लावली. तिने कुठूनसं उतरवलं होतं, ‘स्त्री ही निसर्गाचंच रूप, ती धरणीमाता, म्हणून तिला पर्यावरण जपणं उपजत जमतं.’ मला हे पटत नाही. तुम्हाला उपजत काही जमलं नाही. सासूच्या हाताखाली दहा वर्षं शिकलात तेव्हा बी राखता यायला लागलं. ते ज्ञान आहे आणि त्यामागे कष्ट आहेत. तो उपजत गुण ठरला की बाईची मजुरीही विसरली जाते आणि तिचा हक्कही. केनियात वांगारी मथाई यांनी 1977 साली गावच्या बायकांना हाताशी धरून झाडं लावायला सुरुवात केली. बायकांनी फुटक्या भांड्यांत, डब्यांत रोपं वाढवली, लाखोंनी झाडं उभी केली, आणि तरी त्यांना सरकारशी भांडावं लागलं, मथाईंना मार खावा लागला, तुरुंगात जावं लागलं. 2004 चं नोबेल नंतर आलं. नुसतं माता म्हणून त्यांना कोणी वाट मोकळी करून दिली नव्हती.

हक्काचं निघालंच आहे तर सांगते. 2015-16 च्या शेतीगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावर साधारण 14 टक्केच खाती होती. कामाला सगळ्या, कागदावर थोड्याच. मी मागच्या महिन्यात आपला सातबारा काढून पाहिला. त्यावर मामांचं नाव आहे. चुलत्यांचं होतं, ते वाटणीने गेलं. तुमचं नाही. पन्नासहून जास्त वर्षं त्या रानात तुम्ही आहात आणि त्या कागदात तुम्ही नाही. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. तेव्हा गावोगावच्या कितीतरी पुरुषांनी ते केलं. ह्यांनी मामांना फोनवर विचारलं, आंब्याखालचं एकर आईच्या नावावर करू या का? मामा म्हणाले, “बघू.” ह्यांनी पुन्हा विचारलं. मामा म्हणाले, “तिला विचारा, तिला काय करायचंय कागदाचं.” म्हणून मी तुम्हाला विचारते आहे, आणि सगळ्यांच्या देखत विचारते आहे, म्हणजे नाही म्हणणं तुम्हाला आणि मामांना दोघांनाही जरा अवघड जाईल. तुम्ही हो म्हणा. हे सुट्टी काढून तलाठ्याकडे येतील. त्या एकरात काय पेरायचं ते कोणी तुम्हाला सांगणार नाही. गल्लीतल्या ज्या बायका बी न्यायला आल्या होत्या त्यांना बोलवा, एवढंच माझं मागणं. एकटीने आता नको.

माळ्यावरच्या त्या पुरचुंड्या मी गेल्या रविवारी काढल्या. सोळा वर्षांत किड्याने पीठ केलं होतं. एका पुरचुंडीत राख होती, तिच्यात राळ्याचे दाणे अजून शाबूत दिसले. नातीने त्यातले शंभर मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. आज पाचवा दिवस. अजून काही हललेलं नाही, आणि इतक्या जुन्या बियांत जीव उरला असेल अशी मलाही फारशी आशा नाही. पण ती सकाळी दात घासायच्या आधी फडकं उघडून बघते. नाहीच उगवले तर तुमच्या गाडग्यातला मूठभर राळा तिला लागेल. बाजूला काढून ठेवा. प्रकल्प परवा द्यायचा आहे. तुमच्या ओळीखाली तिने आता तीन पानं लिहिली आहेत, पण ती ओळ तिने तशीच ठेवली.

आम्ही येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचतो. आंबिलीचं ताक धरून ठेवा. मोठी डेगची मी इकडून आणते. आणि आई, यंदा भज्जीसाठी बाजारातून काही आणू नका. रानात पाच जिनसा असतील तर पाच घालू. तूर पाण्याने गेली आहे, माहीत आहे, पण बांधाकडेच्या त्या दोन ओळी वाचल्या म्हणाला होतात ना? त्या शेंगा नातीला तोडू द्या. तिला ओटी धरायला शिकवा. साडी नसली तरी ओढणी आणते म्हणाली.

मामांना साष्टांग नमस्कार. लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
थोरली सून